हुकूमशाह्यांना नाव ठेवणारा माणूस

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेचं केंद्र सरकार बंद पडलं. बंद म्हणजे अक्षरशः बंद. संसदेच्या एका सभागृहात विरोधकांचं बहुमत होतं आणि त्यांना राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याला खो घालायचा होता. ओबामा मागे हटायला तयार नव्हते. या ओढाताणीत सरकारी खर्चाला मंजुरीच मिळाली नाही. सुमारे आठ लाख कर्मचारी घरी बसले, संग्रहालयांना आणि राष्ट्रीय उद्यानांना कुलपं लागली. हे सोळा दिवस चाललं.

नेमक्या त्याच दिवशी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात एक ८६ वर्षांचे स्पॅनिश प्राध्यापक वारले. त्यांनी २३ वर्षांपूर्वी एक लेख लिहिला होता. राष्ट्राध्यक्षही थेट लोकांनी निवडलेला, संसदही थेट लोकांनी निवडलेली, आणि दोघांचं पटेनासं झालं, तर कोणाचं खरं धरायचं? हे ठरवायला लोकशाहीच्या पोतडीत कुठलंच तत्त्व नाही, असं त्यात म्हटलं होतं. हा योगायोग तेव्हा बऱ्याच जणांनी टिपला.

या प्राध्यापकांचं नाव हुआन होसे लिन्झ. मराठी वाचकाला हे नाव ओळखीचं असायचं काही कारण नाही. पण राज्यशास्त्राच्या वर्गात कोणी ‘अधिकारशाही’ आणि ‘सर्वंकष हुकूमशाही’ यांतला फरक शिकला असेल, तर त्याने लिन्झ वाचलेच आहेत, फक्त पुस्तकावर त्यांचं नाव नव्हतं. मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. हुकूमशाहीला नावं सगळेच ठेवतात. लिन्झ यांनी तिला नाव ठेवलं. एक नाही, वेगवेगळ्या जातींना वेगवेगळी. वरवर पाहता हे वर्गीकरणाचं कोरडं काम वाटतं. पण सत्ता कशी बांधलेली आहे यावर ती कशी कोसळेल हे ठरतं, हा त्यामागचा विचार होता आणि तो त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १९२६ रोजी जर्मनीतल्या बॉन शहरात झाला. वडील जर्मन, आई स्पॅनिश. १९३२ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या आदल्याच वर्षी, आई त्यांना घेऊन स्पेनला आली. जर्मनीतली लोकशाही तेव्हा शेवटचे आचके देत होती. स्पेनमध्ये मात्र राजा नुकताच देश सोडून गेला होता आणि प्रजासत्ताक जेमतेम वर्षभराचं होतं. ते पाच वर्षं टिकलं. जुलै १९३६ मध्ये लष्करातल्या एका गटाने उठाव केला, यादवी युद्ध पेटलं. मुलगा तेव्हा साडेनऊ वर्षांचा. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आत त्याच्या वाट्याला दोन देश आले होते, आणि दोन्ही देशांतली लोकशाही मोडून पडली होती.

युद्ध १९३९ साली संपलं आणि जनरल फ्रान्सिस्को फ्रँको याची राजवट सुरू झाली. ती १९७५ पर्यंत, त्याच्या मरणापर्यंत चालली. लिन्झ याच स्पेनमध्ये वाढले, माद्रिदला कायदा आणि राज्यशास्त्र शिकले आणि १९५० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. (बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकले तेच कोलंबिया. बाबासाहेबांकडे पुढे यायचंच आहे.) तिथे त्यांनी सेमूर मार्टिन लिप्सेट यांच्या हाताखाली पश्चिम जर्मनीतल्या मतदारांवर प्रबंध लिहिला, कोणत्या वर्गातला, कोणत्या धर्मपंथातला माणूस कोणाला मत देतो, याचा तो हिशेब होता. पुढे काही वर्षं कोलंबियात आणि १९६८ पासून येल विद्यापीठात त्यांनी शिकवलं. जन्म जर्मनीत, नोकरी अमेरिकेत, पण जीव स्पेनमध्ये अडकलेला, अशी ही तऱ्हा.

आता मूळ कोड्याकडे येऊ. १९५० च्या दशकात अभ्यासकांकडे राजवटींचे दोनच मोठे कप्पे होते. एकीकडे लोकशाही. दुसरीकडे सर्वंकष हुकूमशाही: हिटलरची जर्मनी, स्टालिनचा रशिया. एकच पक्ष, एकच विचारधारा, गुप्त पोलीस, आणि माणसाच्या घरात, शाळेत, डोक्यात शिरणारं सरकार. या दोहोंत न बसणारा देश म्हणजे वाटेवरचा प्रवासी, आज ना उद्या इकडे नाहीतर तिकडे पोचणार, असं समजलं जाई.

लिन्झ यांच्यासमोर प्रश्न असा की मग फ्रँकोचा स्पेन कुठे ठेवायचा? लोकशाही नव्हती हे उघड. पण ते नाझी जर्मनीसारखंही नव्हतं, आणि पंचवीस वर्षं उलटली तरी कुठे ‘पोचतही’ नव्हतं. १९६४ साली हेलसिंकीहून निघालेल्या एका संग्रहात त्यांनी स्पेनवर लेख लिहिला आणि सांगितलं की ही वाटेवरची अवस्था नाही. ही स्वतंत्र जात आहे. तिला त्यांनी अधिकारशाही म्हटलं आणि तिची चार लक्षणं मांडली.

पहिलं लक्षण, मर्यादित अनेकता. फ्रँकोच्या भोवती एकजिनसी पक्ष नव्हता. लष्कर होतं, चर्च होतं, फालांखे नावाची फॅसिस्ट संघटना होती, राजेशाहीवाले होते, आणि १९५७ नंतर ओपस देई या कॅथलिक संस्थेशी जोडलेले, अर्थशास्त्र शिकलेले मंत्री आले. स्पेनमध्ये या गटांना ‘कुटुंबं’ असंच म्हणत. यांतल्या एकाचीही लोकांपुढे जबाबदारी नव्हती, पण एकमेकांशी स्पर्धा होती. फ्रँको एखाद्या वाड्यातल्या वस्ताद कर्त्यासारखा वागे. भावाभावांना भांडू द्यायचं, एकाला फार मोठं होऊ द्यायचं नाही, आणि किल्ल्यांचा जुडगा आपल्याच कमरेला.

दुसरं लक्षण मला सगळ्यांत मार्मिक वाटतं. अशा राजवटीला विचारधारा नसते, मनोवृत्ती असते. विचारधारा लिहून काढता येते. तिचे ग्रंथ असतात, भाष्यकार असतात, उद्याच्या जगाचं चित्र असतं. मनोवृत्ती म्हणजे नुसता मनाचा कल: देश, धर्म, शिस्त, घराणं, ‘पूर्वीचं बरं होतं’. तिच्याशी वाद घालता येत नाही, कारण ती कुठे मांडलेलीच नसते.

तिसरं, लोकांना रस्त्यावर आणण्याची गरज नसते. हिटलरला गर्दी लागायची, मिरवणुका, मशाली, आरोळ्या. अधिकारशाहीला सुरुवातीचा काळ सोडला तर लोक घरी बसलेलेच बरे वाटतात. नोकरी करा, फुटबॉल पाहा, रविवारी चर्चला जा, राजकारणाच्या भानगडीत पडू नका. सर्वंकष हुकूमशाहीला तुमचं प्रेम हवं असतं. अधिकारशाहीला तुमची उदासीनता पुरते.

आणि चौथं, नेत्याच्या सत्तेला कागदावर नीट मर्यादा नसतात, पण व्यवहारात काय चालेल आणि काय नाही याचा सगळ्यांना बऱ्यापैकी अंदाज असतो. कोणती रेषा ओलांडली की पोलीस दारात येतील हे माद्रिदमधल्या संपादकाला ठाऊक असे. स्टालिनच्या मॉस्कोत ते कोणालाच ठाऊक नसे, स्टालिनच्या अगदी जवळच्यांनाही नाही.

या मांडणीवर टीका झाली आणि ती जोरदार झाली. स्पेनमधल्या डाव्या मंडळींचं म्हणणं होतं की लिन्झ यांनी फ्रँकोला सौम्य नाव देऊन त्याचे हात धुऊन दिले. युद्धानंतर या राजवटीने आपल्याच हजारो नागरिकांना गोळ्या घातल्या होत्या. ‘मर्यादित अनेकता’ हे शब्द त्यांच्या कबरीवर कसे दिसतील? मला विचाराल तर टीका अर्धी खरी आहे. लिन्झ यांचं वर्णन १९६० च्या दशकातल्या स्पेनला चपखल बसतं. १९४० च्या दशकातल्या, रक्तात भिजलेल्या स्पेनला तितकं नाही. पण ‘कमी वाईट’ असं लिन्झ म्हणत नव्हते, ‘वेगळ्या बांधणीचं’ असं म्हणत होते. राजकारण्यांना हा भेद पेलत नाही. १९७९ साली अमेरिकेतल्या जीन कर्कपॅट्रिक यांनी साधारण असाच फरक पुढे करून, कम्युनिस्ट राजवटींपेक्षा आपल्या बाजूचे हुकूमशहा परवडले, असं परराष्ट्र धोरण मांडलं. त्या पुढे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारात संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूत झाल्या. वर्गीकरण करणाऱ्याच्या हातात त्याच्या कप्प्यांचं पुढे काय होईल हे नसतं.

१९७५ साली लिन्झ यांनी हा सगळा विचार विस्ताराने लिहिला. राज्यशास्त्राच्या एका संदर्भग्रंथासाठी त्यांना एक प्रकरण लिहायचं होतं. ते भरलं दोनशेहून जास्त पानं. त्यात त्यांनी आणखी एक जात नोंदवली, तिचं नाव जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरकडून घेतलेलं: सुलतानशाही. इथे ना विचारधारा, ना मनोवृत्ती. देश म्हणजे एका माणसाची खासगी मालमत्ता. याचा अस्सल नमुना म्हणजे डॉमिनिकन प्रजासत्ताकातला राफाएल त्रुहियो. १९३० ते १९६१ या काळात त्याने देश इतका खिशात घातला की राजधानीचं नावही बदलून ‘सिउदाद त्रुहियो’, म्हणजे त्रुहियोनगर केलं. कोलंबिया विद्यापीठात शिकवणाऱ्या हेसुस दे गालिंदेस या स्पेनमधल्या बास्क निर्वासिताने त्रुहियोच्या राजवटीवर प्रबंध लिहिला होता. मार्च १९५६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या भर वस्तीतून नाहीसा झाला आणि पुन्हा कधीच कोणाला दिसला नाही. सुलतानशाहीचा हात किती लांब पोचतो हे कोलंबियातल्या लोकांना पुस्तकातून शिकायची गरज उरली नव्हती.

पण या जाती-पोटजाती करून मिळालं काय? याचं उत्तर फ्रँको मेल्यानंतर मिळालं.

२० नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रँको वारला. जेमतेम वर्षभराने, १८ नोव्हेंबर १९७६ रोजी, त्याच्याच नेमणुकांनी भरलेल्या संसदेसमोर एक कायदा आला. त्याचा मथितार्थ असा की ही संसद बरखास्त व्हावी आणि लोकांनी निवडलेली नवी संसद यावी. म्हणजे सभासदांना आपल्याच मृत्युपत्रावर सही करायची होती. ४२५ जणांनी बाजूने मत दिलं, ५९ जणांनी विरोधात. फ्रँकोच्या राजवटीने कायदेशीर मार्गाने स्वतःला संपवलं.

हे घडू शकलं कारण स्पेनमध्ये सत्तेच्या पोटात वेगवेगळे गट आधीपासून होते. त्यांतल्या काहींना वाटत होतं की नव्या व्यवस्थेतही आपलं काही अडणार नाही. न्यायालयं होती, खासगी उद्योग होते, काम करणारी नोकरशाही होती. बोलणी करायला दोन्हीकडे माणसं होती. आता याच्या शेजारी रुमानियातला कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू ठेवून पाहा. तिथे पक्षही त्याचा, बायको उपपंतप्रधान, मुलगा वारसदार. लिन्झ आणि त्यांचे सहकारी आल्फ्रेड स्टेपन यांनी त्याला सर्वंकषतेची आणि सुलतानशाहीची भेसळ म्हटलं. तिथे बोलणी कोणाशी करणार? डिसेंबर १९८९ मध्ये रस्त्यावर रक्त सांडलं आणि नाताळच्या दिवशी नवरा-बायकोला भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. एका देशात संसदेतलं मतदान, दुसऱ्यात गोळीबार. लिन्झ म्हणतील, घराचा पाया पाहा, ते कसं पडेल ते कळेल.

हे झालं हुकूमशाह्या कशा संपतात याबद्दल. लोकशाह्या कशा संपतात यावरही त्यांनी तेवढंच काम केलं. १९७८ साली स्टेपन यांच्यासोबत त्यांनी या विषयावर काही खंड संपादित केले. तोवर अभ्यासकांचा सूर असा असायचा की गरिबी, महागाई, वर्गसंघर्ष एका मर्यादेपलीकडे गेले की लोकशाही पडते. लिन्झ यांना हे पुरेसं वाटत नव्हतं. संकटं सगळीकडे येतात, काही लोकशाह्या त्यातून तरतात. मग फरक कुठे पडतो? त्यांचं उत्तर होतं, माणसांमध्ये. विशेषतः मधल्या माणसांमध्ये.

विरोधकांचे त्यांनी तीन प्रकार केले. निष्ठावान विरोधक सरकार पाडायला बघतो, व्यवस्था नव्हे. निष्ठाहीन विरोधकाला व्यवस्थाच नको असते. तो बंदुकीची भाषा बोलतो, हरला की निकाल मानत नाही, लष्कराच्या बराकींचं दार ठोठावतो. या दोघांना ओळखणं सोपं. अवघड आहे तो तिसरा, अर्धनिष्ठ. हा सभ्य असतो. स्वतः दगड मारत नाही. पण दगड मारणाऱ्याचा निषेध करताना त्याच्या वाक्यात ‘मात्र’ येतो, निवडणुकीत तो त्याच्याशी हातमिळवणी करतो, आणि आपण त्याला आटोक्यात ठेवू अशी त्याची खात्री असते. जर्मनीतल्या प्रतिष्ठित पुराणमतवाद्यांनी जानेवारी १९३३ मध्ये हिटलरला चॅन्सेलर केलं ते याच खात्रीने.

आणि याची उलट बाजूही त्या खंडांमध्ये आहे. १९३० च्या सुमाराला फिनलंडमध्ये लापुआ नावाची उजवी, हिंसक चळवळ उभी राहिली होती. डाव्यांना पळवून नेऊन सोव्हिएत सीमेवर सोडणं हा तिचा आवडता उद्योग. राष्ट्राध्यक्ष स्विनहुवुद हे स्वतः कट्टर पुराणमतवादी आणि कम्युनिस्टविरोधी. १९३१ साली ते निवडून आले ते या मंडळींच्याच पाठबळावर. पण १९३२ च्या सुरुवातीला मँट्सॅला गावात चळवळीने हत्यारं उचलली तेव्हा स्विनहुवुद यांनी रेडिओवरून बंडखोरांना घरी जायला सांगितलं, लष्कर सरकारच्या बाजूने उभं केलं, आणि चळवळीवर बंदी आली. माणूस उजवाच राहिला. फक्त अर्धनिष्ठ राहिला नाही. २०१८ साली हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांचं लोकशाह्या कशा मरतात यावरचं पुस्तक जगभर गाजलं. धोकादायक नेता ओळखण्याच्या त्यातल्या कसोट्या लिन्झ यांच्यावरून घेतल्याचं लेखकांनी स्वतःच सांगितलं आहे.

आता सगळ्यांत गाजलेला लेख, १९९० सालचा, अध्यक्षीय पद्धतीच्या धोक्यांवरचा. लॅटिन अमेरिकेतले एकेक देश तेव्हा लष्कराच्या तावडीतून सुटत होते आणि नव्या राज्यघटना लिहिल्या जात होत्या. लिन्झ यांनी त्यांना बजावलं, अमेरिकेची नक्कल करू नका.

मुद्दा समजायला चिलीचं उदाहरण घेऊ. १९७० च्या निवडणुकीत समाजवादी साल्वादोर आयेंदे यांना साडेछत्तीस टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पस्तीस. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी त्यांना मत दिलं नव्हतं. पण अध्यक्षपद काही वाटून घेता येत नाही. ज्याला मिळालं त्याला सगळं, ते सहा वर्षांसाठी. संसदेत बहुमत विरोधकांचं. मार्च १९७३ च्या निवडणुकीत विरोधकांना निम्म्याहून जास्त मतं पडली, पण अध्यक्षाला पदावरून काढायला दोन तृतीयांश लागत, तेवढे आले नाहीत. आयेंदेंना संसद बरखास्त करता येत नव्हती, संसदेला आयेंदे हलवता येत नव्हते. दोघंही म्हणत, लोक माझ्यामागे आहेत. दोघंही खरं बोलत होते. एका म्यानात दोन तलवारी. ऑगस्टमध्ये कनिष्ठ सभागृहाने सरकार घटनाबाह्य वागत असल्याचा ठराव केला. ११ सप्टेंबरला उठाव करणाऱ्या जनरल पिनोशेच्या विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर बॉम्ब टाकले.

संसदीय पद्धत असती तर? कदाचित १९७२ मध्येच अविश्वास ठराव आला असता, सरकार पडलं असतं, आघाडीची जुळवाजुळव झाली असती किंवा निवडणूक लागली असती. सरकार पडणं ही मग घटनेतलीच एक रोजची गोष्ट असते. अध्यक्षीय पद्धतीत सरकार मुदतीआधी घालवायचं म्हणजे घटनाच वाकवावी लागते. घट्ट शिवलेल्या कपड्यासारखं आहे हे. अंगाला बसतं तोवर छान, पण वाकलं की फाटतं.

लिन्झ यांच्या मनात दुसरं उदाहरण अर्थात स्पेनचं होतं. जून १९७७ च्या निवडणुकीत अडॉल्फो सुआरेझ यांच्या पक्षाला सुमारे ३४ टक्के मतं मिळाली, आयेंदेंपेक्षा कमीच. पण ते पंतप्रधान होते, अध्यक्ष नव्हते. बहुमत नाही म्हटल्यावर त्यांना समाजवादी, कम्युनिस्ट, कॅटलोनिया प्रांतातले कॅटलान अशा सगळ्यांबरोबर बसावं लागलं. त्याच ऑक्टोबरात माँक्लोआ राजवाड्यात सर्व पक्षांनी आर्थिक करारावर सह्या केल्या.

इथे बाबासाहेब येतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी हाच प्रश्न उलगडला होता. ते म्हणाले की अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. दोन्ही एकाच मापाने मिळत नाहीत, आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारी निवडली आहे. सरकारच्या जबाबदारीची रोजच्या रोज झडती घेता येणं भारतासारख्या देशाला जास्त गरजेचं, असं त्यांचं म्हणणं. लिन्झ यांनी बेचाळीस वर्षांनी जे जोडलं ते असं की, अध्यक्षीय पद्धतीत मिळतं म्हणतात ते स्थैर्य सरकारचं असतं, व्यवस्थेचं नव्हे. सरकार खिळे ठोकून बसवलं की दबाव सगळा भिंतींवर येतो. आपल्याकडे वसंत साठे यांच्यासारख्या नेत्यांनी अध्यक्षीय पद्धतीचा जाहीर पुरस्कार केला आणि मुख्यतः स्थैर्याच्या नावानेच हा विषय दर काही वर्षांनी डोकं वर काढतो. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. लोकांनी कपाळाला हात लावला. पण निवडणूक झाली, सरकार आलं, आणि कुठल्याही बराकीतून रणगाडा बाहेर निघाला नाही.

अर्थात लिन्झ यांचा हा सिद्धान्त निर्विवाद नाही. अध्यक्षीय लोकशाह्या जास्त मोडल्या हे खरं, पण त्या मुळात जास्त करून लॅटिन अमेरिकेत होत्या, जिथे लष्कराला सत्तेची चटक आधीच लागलेली होती. दोष पद्धतीचा की त्या इतिहासाचा, हा वाद होसे अँतोनिओ शेईबुब यांच्यासारख्या अभ्यासकांनी आकडेवारीनिशी लढवला आहे. शिवाय लिन्झ यांचा सल्ला लॅटिन अमेरिकेने मानलाच नाही. ब्राझीलमध्ये १९९३ साली संसदीय की अध्यक्षीय असं सार्वमत झालं, लोकांनी अध्यक्षीयच ठेवली. त्यानंतर तिथे अध्यक्ष दिल्मा रूसेफ यांना २०१६ साली महाभियोगाने पदावरून जावं लागलं, पण लष्कर आलं नाही. म्हणजे कपडा लिन्झ यांना वाटला त्यापेक्षा थोडा जास्त ताणतो.

लिन्झ यांचं शेवटचं मोठं काम भारतावर आहे. २०११ साली, ते ८४ वर्षांचे असताना, स्टेपन आणि योगेंद्र यादव यांच्यासोबत त्यांचं एक पुस्तक आलं. मांडणी अशी: युरोपने जगाला राष्ट्र-राज्याचा साचा दिला, एक राज्य, त्यात एकच राष्ट्र, एक भाषा, एक संस्कृती. फ्रान्सने शाळांमधून आणि सैन्यातून बास्क, ब्रेटन यांना फ्रेंच करून घेतलं. पण जिथे आधीच अनेक समाज आपापल्या भाषा, अस्मिता घेऊन जागे झालेत, तिथे हा साचा लादला तर फुटतो. अशा देशांसाठी त्यांनी दुसरा शब्द बनवला, राज्य-राष्ट्र. आधी सगळ्यांना आपलं वाटेल असं राज्य बांधा. एकाच माणसाने दोन निष्ठा बाळगल्या तर बिघडत नाही. भारत हे त्यांचं मुख्य उदाहरण.

त्यातली एक तुलना मनात रुतून बसते. तमिळ लोक भारतातही आहेत आणि श्रीलंकेतही. १९५० च्या सुमाराला तज्ज्ञाला विचारलं असतं की तमिळ फुटीरतेचा धोका कुठे मोठा, तर त्याने मद्रासकडे बोट दाखवलं असतं. द्रविड नाडूची, म्हणजे वेगळ्या द्रविड देशाची, मागणी तिथे उघड होत होती. श्रीलंकेने १९५६ साली सिंहली हीच एकमेव राजभाषा केली. भारताने भाषावार राज्यं केली, हिंदीविरोधी आंदोलनानंतर इंग्रजी चालू ठेवली, आणि १९६७ साली द्रमुक निवडणूक जिंकून सत्तेत बसला. श्रीलंकेत १९८३ ते २००९ युद्ध चाललं. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी दिल्लीतल्या ज्या मंडळींना भाषावार राज्यांनी देश फुटेल असं वाटत होतं, त्यांना हे प्रकरण वाचायला द्यायला हवं होतं.

हे सगळं मोजायचं कसं, याचीही युक्ती लिन्झ यांनी फार आधी, बास्क आणि कॅटलान प्रदेशातल्या पाहण्यांमध्ये वापरली होती. पुढे लुईस मोरेनो यांनी ती स्कॉटलंडला नेली आणि आज ती लिन्झ-मोरेनो प्रश्न म्हणून ओळखली जाते. ‘तुम्ही स्पॅनिश की कॅटलान?’ असं विचारायचंच नाही. पाच उत्तरं द्यायची. आपल्यापुरतं सांगायचं तर: फक्त मराठी, भारतीयपेक्षा जास्त मराठी, दोन्ही सारखेच, मराठीपेक्षा जास्त भारतीय, फक्त भारतीय. कॅटलोनियात हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेलाय, आणि सर्वांत मोठा गट बहुतेक वेळा मधल्या उत्तराचा निघालाय.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी, लिन्झ यांच्या चौथ्या स्मृतिदिनी, कॅटलोनियाच्या सरकारने स्वातंत्र्यावर सार्वमत घेतलं. न्यायालयाने ते आधीच स्थगित केलं होतं. माद्रिदने पाठवलेले पोलीस मतदान केंद्रांवर लाठ्या घेऊन आले. मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता, कॅटलोनिया स्वतंत्र प्रजासत्ताक व्हावं का, आणि त्याखाली दोन चौकोन: हो, नाही.